चार महिने एकही रिसेल नाही, एजंट मंडळी तुम्ही टार्गेट कसं लावता?

पुनावळेची_मीना | ७ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायला बसले कारण घरात सगळे झोपलेत आणि मला झोप येत नाहीये. मी पिंपरी-चिंचवडच्या वाकड-ताथवडे-पुनावळे पट्ट्यात घरांची एजंट म्हणून काम करते, सहावं वर्ष चालू आहे. महारेराचं, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन आहे, २०२३ मध्ये परीक्षा सक्तीची झाली तेव्हा २० तासांचं ट्रेनिंग करून तीही पास झाले. म्हणजे हे मी टाइमपास म्हणून करत नाही, घर यावर चालतं, मिस्टरांचा पगार होम लोनच्या हप्त्यात जातो.

मार्चच्या सुरुवातीला शेवटचं रिसेल, म्हणजे जुन्या फ्लॅटची विक्री, रजिस्टर झालं. त्यानंतर फक्त भाड्याची कामं आणि तीही तुटक तुटक. १ जानेवारीला मी एका कागदावर मोठ्या अक्षरात "यंदा २० लाख" असं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की रोज डोळ्यासमोर आकडा हवा म्हणून. आता साडी काढायला कपाट उघडलं की तो कागद दिसतो आणि पोटात गोळा येतो.

त्यात गेल्या आठवड्यात जे झालं त्याने फारच खचले. एका कुटुंबाला दोन महिने फिरवलं, चौदा व्हिजिट झाल्या, भर उन्हात मी त्यांच्या आईंना हात धरून तिसऱ्या मजल्यावर चढवलंय कारण लिफ्ट बंद होती. नंतर म्हणाले सध्या थांबलोय, दिवाळीनंतर बघू. शुक्रवारी त्याच सोसायटीत दुसऱ्या गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायला गेले तर समोरच्या, मी त्या कुटुंबाला दाखवलेल्या फ्लॅटच्या दाराला आंब्याचं तोरण, बाहेर चपलांचा ढीग, आत वास्तुशांत चाललेली. त्यांनी मालकाशी परस्पर व्यवहार केला. त्या आईंनी मला बघितलं आणि मान खाली घातली. मी गिऱ्हाइकाला फ्लॅट नीट दाखवला, हॉलचं माप सांगितलं, बाल्कनीतून दिसणारा रस्ता दाखवला, आणि खाली येऊन गाडीवर पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले.

या धंद्यात जुनी माणसं आहेत ती स्वतःला उभं कसं ठेवतात? टार्गेट कसं लावता? की लावतच नाही?

उमेद_९१ | ७ जुलै, रात्री ११.५२

ताई खचू नका. सकाळी ५ ला उठायचं, अर्धा तास मोटिव्हेशनल व्हिडिओ, मग स्वतःचं ध्येय २१ वेळा लिहायचं. मी सहा महिन्यांपासून करतोय, खूप पॉझिटिव्ह वाटतं.

पुनावळेची_मीना | ८ जुलै, सकाळी ७.०५

मनापासून धन्यवाद दादा. पण हे मी केलंय, दोन वह्या भरल्यात. लिहिताना बरं वाटतं, दहा वाजता पहिला फोन कोणी उचलत नाही तेव्हा उतरतं सगळं.

डोंबिवलीचा_जुना_गडी | ८ जुलै, सकाळी ९.४०

मीनाताई, मी २२ वर्षं डोंबिवली-ठाकुर्ली-कल्याण करतोय. पहिली गोष्ट, तो कागद आज काढा.

आता का ते सांगतो. आपल्या धंद्यात आज केलेल्या कामाचे पैसे आज येत नाहीत. माणूस आज भेटतो, महिनाभर फिरतो, मग घरच्यांना आणतो, मग लोनची फाईल, मग मालकाच्या सोसायटीची एनओसी, मग साठेखत, रजिस्ट्रेशन, आणि मग कुठे आपली दलाली. बिल्डरचं काम असेल तर अजून पुढे, ॲग्रीमेंट रजिस्टर होऊन पार्टीचे ठरलेले टक्के पैसे भरून झाल्यावर आपलं बिल घेतात आणि वर दोन-तीन महिने. म्हणजे तुमचा जुलै कोरडा आहे तो जुलैत तुम्ही कमी पडलात म्हणून नाही, तो मार्च-एप्रिलचा हिशोब आहे. आठवून बघा मार्चमध्ये रिसेल झालं तेव्हा त्या कागदपत्रांच्या धावपळीत नवीन माणसांना फोन किती केले? बहुतेक शून्य. हे सगळ्यांचं होतं, डील हातात आली की पुढचं पेरणं थांबतं आणि तीन महिन्यांनी खड्डा पडतो, आणि खड्ड्यात उभं राहून आपण म्हणतो माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मी २०२० मध्ये यात सगळ्यात जास्त पोळलो. लॉकडाउनमध्ये काही नव्हतं, मग सरकारने सप्टेंबरपासून स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी उतरवली डिसेंबरपर्यंत, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. काय गर्दी झाली ती ज्यांनी बघितली त्यांनाच माहीत, सब रजिस्ट्रार ऑफिसला टोकन मिळेना. मी सात महिने फक्त कागद पळवले, एका नवीन माणसाशी बोललो नाही. पैसे चांगले आले, मी समजलो आता असंच राहणार, गाडी घेतली. एप्रिलला सवलत संपली, वर दुसरी लाट, आणि माझी वही कोरी. गाडीचा हप्ता भरायला बायकोच्या पाटल्या ठेवल्या, त्या सोडवायला दीड वर्ष गेलं. तेव्हापासून नियम केला की रजिस्ट्रेशनच्या दिवशीसुद्धा, ऑफिसबाहेर टोकन नंबरची वाट बघत बसलेलो असतो ना, तिथूनच तीन नवीन फोन करायचे.

दुसरं, २० लाख हा आकडा आला कुठून? तुमच्या घराला किती लागतात ते मांडलंय का कधी? इथेच मांडा, आपण बघू.

पुनावळेची_मीना | ८ जुलै, दुपारी ३.१५

काका, खरं सांगायचं तर २० लाख ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेल्या मुलाने लिहिले होते म्हणून मी पण लिहिले.

आत्ता मांडलं. माझ्याकडून घरात महिन्याला ५५,००० लागतात, मुलीची फी त्यातच धरली. पेट्रोल, फोन, पोर्टलचं पॅकेज, झेरॉक्स हे सगळं मिळून १०,०००. म्हणजे वर्षाला ७,८०,०००.

डोंबिवलीचा_जुना_गडी | ८ जुलै, रात्री ९.३०

बघा, २० लाखांचे ७ लाख ८० हजार झाले. आता पुढे. तुमच्याकडे टू बीएचकेचं भाडं किती आणि दलाली किती सुटते?

पुनावळेची_मीना | ८ जुलै, रात्री १०.१०

एकाच बाजूची, म्हणजे फक्त मालकाची किंवा फक्त भाडेकरूची, धरली तर सरासरी २२,०००, एक महिन्याचं भाडं. रिसेलला १ टक्का, साधारण ७० लाखांचा फ्लॅट म्हणजे ७०,०००.

डोंबिवलीचा_जुना_गडी | ८ जुलै, रात्री १०.५५

महिन्याला दोन भाड्याची कामं धरा, हिंजवडी शेजारी असताना दोन जास्त नाहीत. वर्षाला २४, म्हणजे ५,२८,०००. राहिले २,५२,०००. ७० हजाराच्या हिशोबाने चार रिसेल. वर्षात चार! त्यातलं एक मार्चमध्ये झालंय. तुम्ही ज्याच्या भीतीने रात्री जागताय ते तीन रिसेल आहेत ताई, आणि सहा महिने हातात आहेत. भाड्याची कामं मागे पडली असतील तर ती भरून काढायची, पण डोंगर तेवढाच आहे.

आता तुमची वही काढा आणि सांगा, एक भाडं जमायला किती व्हिजिट लागतात आणि एक रिसेल जमायला किती. अंदाज नको, मोजून सांगा.

एजंटची_बायको | ९ जुलै, सकाळी ११.००

मी एजंट नाही, माझे मिस्टर आहेत, १४ वर्षं झाली, नाशिकला. पण धागा वाचून राहवलं नाही कारण घराची बाजू कोणी लिहीत नाही.

आमच्याकडे लग्नानंतर पाच-सहा वर्षं असं होतं की डील झाली की हॉटेल, कपडे, सासूबाईंना साडी, आणि नाही झाली की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलगा लहान होता, तो बाबांच्या चपलांचा आवाज ऐकून ओळखायचा आज कसा दिवस गेला ते. मग मीच एकदा हट्ट धरला. दलालीचा प्रत्येक पैसा एका वेगळ्या खात्यात, पाच हजार असोत की दीड लाख. आणि त्या खात्यातून दर महिन्याच्या १ तारखेला घराला ठरलेली रक्कम, पगारासारखी. तेव्हा ४०,००० ठरवली होती. चांगला महिना आला तरी ४०, वाईट आला तरी ४०. पहिली दोन वर्षं खातं तळाला गेलं की माझा जीव वर यायचा, पण हळूहळू त्यात सहा महिन्यांचं साठलं.

आणि तेव्हापासून ह्यांचा चेहरा बदलला. गिऱ्हाईक "नाही" म्हणालं तरी जेवायला वेळेवर घरी. मला वाटतं मोटिव्हेशन वगैरे नंतर, आधी १ तारखेची भीती जायला पाहिजे. मीनाताई, तुमच्या घरात हे बोलणं झालंय का? नसेल तर आधी मिस्टरांशी बोला, एकटीने झेलू नका.

शैलेश_सिंहगडरोड | ९ जुलै, दुपारी १.२०

वहिनी, लाख बोललात.

मीनाताई, तोरणवाल्या फ्लॅटचं वाचून वाईट वाटलं, माझ्यासोबत तीनदा झालंय. यावर एक उपाय, व्हिजिटच्या आधी मालकाला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा, "आज ५ वाजता अमुक पार्टीला तुमचा फ्लॅट दाखवायला घेऊन येत आहे, व्यवहार झाल्यास दलाली ठरल्याप्रमाणे" आणि मालकाचा "ओके" आल्याशिवाय जायचं नाही. गिऱ्हाइकाकडून पण व्हिजिट फॉर्मवर सही. बिल्डरच्या साईटवर जाताना तर आधी त्यांच्या सिस्टीममध्ये गिऱ्हाईक आपल्या नावावर टाकून घ्यायचं, नाहीतर वॉक-इन, म्हणजे एजंटशिवाय थेट आलेलं गिऱ्हाईक, असं दाखवतात. याने सगळे चोर थांबत नाहीत पण बरेचसे लाजतात.

टार्गेटबद्दल माझं असं की मी नवीन लीडच्या, म्हणजे नव्याने चौकशी करणाऱ्यांच्या, मागे फार लागत नाही. माझ्याकडे २०१५ पासूनची एक वही आहे, ज्यांना घर मिळवून दिलं त्या प्रत्येकाचं एक पान. आठवड्याला अशा आठ जणांना फोन, आणि नियम असा की काहीतरी त्यांच्या कामाचं सांगायचं, "कोणी घ्यायचंय का" असं विचारायचंच नाही. २०२३ मध्ये पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत परत आली ना, तेव्हा पीटी ३ फॉर्म भरायचा होता आणि अर्ध्या लोकांना पत्ताच नव्हता. मी माझ्या सगळ्या पानांना फोन केले, ज्येष्ठ लोकांचे फॉर्म घरी जाऊन भरले, वीजबिलाची झेरॉक्स काढून लावली. एक पैसा घेतला नाही. त्या वर्षी माझ्याकडे जी रिसेल आली ती जवळपास सगळी त्या फोनमधून, कोणाची मेहुणी, कोणाचा ऑफिसमधला मित्र.

वेंगुर्ल्याचो_बाबी | ९ जुलै, रात्री ८.४५

मी जमिनीचं काम करतो, सिंधुदुर्गात. आमच्याकडे वर्षाला दोन-तीन व्यवहार झाले तरी खूप, त्यामुळे टार्गेट या विषयावर मला वेगळंच सांगायचंय.

काही वर्षांपूर्वी मुंबईची एक पार्टी आली, रिटायर्ड जोडपं, समुद्र दिसेल अशी २० गुंठे हवी. मी त्या वर्षी डायरीत लिहून ठेवलेलं की गणपतीच्या आधी इतके पैसे पाहिजेतच, घराचं छप्पर करायचं होतं. जागा दाखवली, त्यांना आवडली, काकू तिथे आंब्याखाली बसून कुठे तुळस लावायची ते ठरवायला लागल्या. आणि सातबारावर भोगवटादार वर्ग २ होता. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, हे मला माहीत. वर काका शेतकरी आहेत की नाहीत तेही मी धड विचारलं नव्हतं, आणि आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे तर लहान पोराला माहीत. पण माझ्या डोक्यात छप्पर. मी म्हणालो "होईल सगळं, तलाठ्याकडे ओळख आहे". टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, घ्यायच्या आदल्या रात्री मला झोप नाही. सकाळी उठून फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग फोन ठेवला. व्यवहार गेला, छप्पर त्या वर्षी झालं नाही, ताडपत्री टाकून पावसाळा काढला.

मला त्या दिवसापासून पैशाच्या आकड्याची भीती वाटते. आकडा डोक्यात असला की समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या खिशातलं तेवढं दिसतं. तुम्ही हिशोब करा, वही ठेवा, पण गिऱ्हाइकासमोर जाताना ती घरी ठेवून जावा.

पूर्वी_एजंट | १० जुलै, सकाळी १०.१५

थोडं वेगळं मत. मी चार वर्षं पनवेल-उलवे भागात केलं आणि सोडलं. आता एका बिल्डरकडे पगारावर सेल्सला आहे. हे सगळे उपाय मी केले होते, वही, व्हिजिट मोजणं, वेगळं खातं. तरी नाही जमलं, कारण माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं आणि दर आठवड्याला ठरलेले पैसे लागायचे. अशा घरात सहा महिन्यांचं साठवणार कुठून? मला कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं की सोडणं म्हणजे हरणं नाही. ताईंना सोडा म्हणत नाही, त्यांचं गणित जमणारं दिसतंय. पण इथे वाचणाऱ्या कोणाचं जमत नसेल तर स्वतःला शिव्या घालू नका.

डोंबिवलीचा_जुना_गडी | १० जुलै, दुपारी २.००

पूर्वी_एजंट, अगदी बरोबर केलंत. वडील कसे आहेत आता?

पूर्वी_एजंट | १० जुलै, दुपारी २.२०

गेले काका, मागच्या वर्षी. पण शेवटपर्यंत उपचारात खंड पडला नाही.

पुनावळेची_मीना | १० जुलै, रात्री ११.०५

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. वहिनींचं वाचून काल रात्री मिस्टरांशी बोलले, पहिल्यांदा खरा आकडा सांगितला की खात्यात किती आहेत. ते म्हणाले मला वाटत होतं तू सांगत नाहीस म्हणजे बरं चाललंय.

वही मोजली, दोन वर्षांची. एका भाड्याला साधारण ६ व्हिजिट, एका रिसेलला २०. म्हणजे वर्षाला २४ भाड्याच्या १४४ आणि चार रिसेलच्या ८०, एकूण २२४. सणवार-आजारपणाचे चार आठवडे सोडले तर ४८ आठवडे, आठवड्याला पाचपेक्षा थोड्या कमी. पाच धरते. काका, मी गेले दोन महिने आठवड्याला सरासरी दोन करत होते! मला वाटत होतं मी दिवसभर राबतेय आणि राबतच होते, पण पोर्टलवर फोटो चढवणे, ग्रुपवर फॉरवर्ड करणे, यातच दिवस जात होता.

राहुल_रावेत | ११ जुलै, सकाळी ९.१०

मी पण याच पट्ट्यात आहे ताई. एक शंका, व्हिजिटचं टार्गेट लावलं की माणूस आकडा भरायला कोणालाही उचलून साईटवर नेतो. ४५ लाखवाल्याला ७५ चा फ्लॅट दाखवला तरी वहीत एक व्हिजिट. मी एका टीममध्ये होतो तिथे हेच चालायचं, शनिवार-रविवार पाच पाच व्हिजिट आणि क्लोजिंग काही नाही.

डोंबिवलीचा_जुना_गडी | ११ जुलै, दुपारी १२.३०

राहुल, शंभर टक्के खरं, हे मी लिहायला हवं होतं. माझ्या वहीत व्हिजिट तेव्हाच धरतो जेव्हा मला तीन गोष्टी आधी माहीत असतात. लोन किती बसतं, म्हणजे बँकेत विचारून झालंय, नुसतं "होईल" नाही. घर का बदलतायत. आणि निर्णय कोणाचा. नवरा एकटाच आला तर अर्धी व्हिजिट. बायको आली, पण ज्यांच्या पैशातून घर व्हायचंय ते गावचे वडील आले नाहीत, तरी अर्धी. बजेटमध्ये फक्त फ्लॅटची किंमत धरलीय आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरलंच नाही, असं गिऱ्हाईक असेल तर ते आधी बसून समजवायचं. तुमच्याकडे पुणे-पिंपरीत ७ टक्के ड्युटी आहे, ७० लाखांवर ४ लाख ९० हजार, बाईंच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. हे टोकनच्या दिवशी कळलं की डील फिसकटते आणि वीस व्हिजिट पाण्यात.

बाबीदादांचं पण मनात ठेवा. आकडा व्हिजिटचा असला की अजून एक फायदा, खोटं बोलायची गरजच पडत नाही. "हा फ्लॅट तुमच्यासाठी नाही" असं सांगितलं तरी तुमची आजची व्हिजिट झालेलीच असते.

वेंगुर्ल्याचो_बाबी | ११ जुलै, रात्री ९.००

ह्या बरोबर बोललास काका.

पुनावळेची_मीना | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

मंडळी, धागा वर काढतेय. सहा आठवडे झाले. पक्क्या व्हिजिट मोजल्या तर ५, ४, ५, ६, ३, ५. तीनच झाल्या त्या आठवड्यात मुलीला ताप होता. भाड्याची चार कामं झाली. रिसेल अजून नाही, पण दोन पार्ट्या आपापल्या आई-वडिलांना घेऊन येण्यापर्यंत आल्यात. नवीन खातं काढलंय, १ ऑगस्टला घराला त्यातून ५०,००० दिले, पाच कमी दिले आणि मिस्टर म्हणाले चालेल.

शैलेशदादा, तुमचं वाचून जुन्या गिऱ्हाइकांना फोन सुरू केले. २०२० मध्ये ज्यांना थेरगावला वन बीएचके मिळवून दिला होता त्या ताईंना सांगितलं की तुमच्या भावाचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, संपत आलंय, नवीन ऑनलाइन करताना पोलीस व्हेरिफिकेशन पण करून घ्या. पंधरा मिनिटं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, तुझा नंबर होता माझ्याकडे, पण इतक्या वर्षांनी फोन करायला मलाच संकोच वाटत होता. त्यांना टू बीएचके बघायचाय, सासूबाई राहायला येणार आहेत म्हणून.

तोरणवाल्या घरातल्या आई परवा भाजी घेताना भेटल्या. त्यांनीच हाक मारली. मी थांबले, तब्येत विचारली. व्यवहाराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही काढलं नाही. घरी आल्यावर कपाट उघडलं तेव्हा लक्षात आलं की कागदाच्या जागी सेलोटेपचे चार डाग उरलेत, ते खोबरेल तेल लावून काढले.

उद्या अकराला त्या थेरगावच्या ताईंची पहिली व्हिजिट आहे, सासूबाई सोबत येणार आहेत. लिफ्ट चालू आहे का ते आत्ताच वॉचमनकाकांना फोन करून विचारून घेतलं.

शैलेश_सिंहगडरोड | १९ ऑगस्ट, रात्री ११.१५

मालकाचा ओके घेतलात ना मेसेजवर?

पुनावळेची_मीना | १९ ऑगस्ट, रात्री ११.१८

घेतला दादा, संध्याकाळीच.